चांदीच्या नाण्यांवरच्या वास्तू: निवडायच्या कशा, तपासायच्या कशा, जपायच्या कशा

दिवाळीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी समया, तबक, नीरांजनं घासायला काढली आणि त्यांच्याबरोबर देवघराच्या खणातलं माझं एक नाणंही चिंचेच्या कोळात बुडवलं. १९७२ चं, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं, दहा रुपयांचं चांदीचं नाणं. त्यावर ध्वज धरलेलं जोडपं आणि मागे संसदभवन. वरून रांगोळीचा हात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ताटात ते असं लखलखत होतं, की आल्यागेल्याने कौतुक केलं. मी रात्री भिंग घेऊन बसले. रांगोळीच्या कणाकणाने मोकळ्या जागेवर केसाएवढे ओरखडे काढले होते, आणि इमारतीच्या बारीक रेषा ओल्या चिखलात काढल्यासारख्या बोथट झाल्या होत्या. सासूबाईंना काही बोलले नाही. संग्रहातलं नाणं देवघरात ठेवलं ही चूक माझीच.

मी पुण्यात एका वास्तुविशारदांच्या ऑफिसात बावीस वर्षं नकाशे काढले. त्यामुळे नाण्यावर इमारत दिसली की माझी नजर आधी तिच्या प्रमाणांकडे जाते, किमतीकडे नंतर. पण नुसत्या नजरेने हा नाद परवडत नाही, हेही पैसे घालवून शिकले. ओळखीतली दोनतीन माणसं सध्या या वाटेला लागली आहेत आणि फोनवर तेच तेच विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी किमतीचे तीन तुकडे करा

कुठलंही नाणं समोर आलं की मी वहीत तीन आकडे लिहिते: चांदीचे किती, टांकसाळीचे किती, हौसेचे किती. ही सवय लागली की फसण्याचे निम्मे प्रसंग टळतात.

चांदीचा आकडा सगळ्यात सोपा. नाण्याचं वजन गुणिले चांदीचं प्रमाण. नव्या संसदभवनाच्या उद्घाटनाला, म्हणजे मे २०२३ मध्ये, सरकारने ७५ रुपयांचं नाणं काढलं. वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर. मिश्रधातूत चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५ आणि जस्त ५. म्हणजे आत चांदी भरली साडेसतरा ग्रॅम. हिशेबाला सोपं जावं म्हणून चांदी किलोला एक लाख धरा, म्हणजे ग्रॅमला शंभर. नाण्यातली चांदी झाली १,७५० रुपयांची. विक्रेता पाच हजार मागत असेल तर उरलेले सव्वातीन हजार टांकसाळीचे आणि हौसेचे. द्यायचे की नाही हा तुमचा प्रश्न, पण कशाचे देतोय ते कळलेलं असावं. रोजचा भाव घालून हाच हिशेब उभ्या उभ्या फोनवर होतो.

नाण्यावर ‘७५ रुपये’ लिहिलंय, मग ते ७५ रुपयांना का मिळत नाही, हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. ती दर्शनी किंमत आहे, विक्रीची नव्हे. ही नाणी चलनासाठी काढलेलीच नसतात. टांकसाळ ती संग्राहकांना वेगळ्या किमतीला, पेटीत घालून विकते. उलट बाजूने फसलेलेही आहेत. ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०१५-१६ मध्ये बिग बेन, बकिंगहॅम पॅलेस आणि ट्रफाल्गर चौक यांची शंभर पौंडांची चांदीची नाणी बरोबर शंभर पौंडांनाच विकली. आत चांदी जेमतेम दोन औंस, म्हणजे तेव्हाच्या भावाने शंभर पौंडांच्या बरीच खाली. लोकांना वाटलं, नुकसान कसं होईल, कधीही बँकेत भरू. पण बँका आणि पोस्ट ऑफिसं ती घेईनात, आणि तसं घेण्याचं बंधनही त्यांच्यावर नव्हतं. तेव्हा दर्शनी किमतीच्या भरवशावर कधीच राहू नका.

टांकसाळीचा तुकडा म्हणजे सरकारी अधिकार, छपाईचा दर्जा, पेटी, प्रमाणपत्र. हौसेचा तुकडा मात्र बाजाराच्या मनावर चालतो. १९८६ साली अमेरिकेने स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या शताब्दीला चांदीचा डॉलर काढला. पुतळा आणि मागे एलिस बेटावरची, स्थलांतरितांची ती प्रसिद्ध इमारत. २६.७३ ग्रॅम, ९० टक्के चांदी, काम देखणं. पण त्याची प्रूफ, म्हणजे आरशासारख्या खास छपाईची, नाणीच ६४ लाखांच्या वर निघाली. चाळीस वर्षं होत आली तरी ते चांदीच्या भावाच्या आसपासच घोटाळतंय, कारण ज्याला हवं त्याच्याकडे ते आहेच. नवशिक्याने पहिलं परदेशी नाणं हेच घ्यावं असं मी म्हणते, आणि कारणही हेच.

नाणं की नाण्यासारखं काही?

लक्ष्मी रोडवर सोन्या मारुती चौकाच्या आसपास कुठल्याही सराफाकडे ‘चांदीचं नाणं द्या’ म्हटलं की लक्ष्मी, गणपती किंवा एखाद्या मंदिराचा छाप असलेला गोल तुकडा पुढे येतो. चांदी शुद्ध असते, पावती मिळते, लग्नामुंजीत द्यायला उत्तम. पण ते नाणं नव्हे, पदक आहे. नाणं म्हणजे सरकारने काढलेलं, दर्शनी किंमत असलेलं. आपल्या नाण्यावर एका बाजूला अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष, नव्या नाण्यांत त्याखाली ‘सत्यमेव जयते’, आणि रुपयांचा आकडा असतो. हे नसेल तर संग्रहाच्या भाषेत ती वस्तू वेगळ्या रकान्यात जाते.

गोंधळ वाढतो तो सरकारी टांकसाळच पदकंही विकते म्हणून. फेब्रुवारी २०२४ मध्ये अयोध्येच्या राममंदिराचं ५० ग्रॅम शुद्ध चांदीचं रंगीत स्मृतिनाणं आलं, तेव्हाची किंमत ५,८६० रुपये. टांकसाळ सरकारी, चांदी चोख, पण दर्शनी किंमत नाही. मूर्ती आणि मंदिर आवडलं म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. मात्र ते ‘दुर्मीळ सरकारी नाणं’ म्हणून दुप्पट भावाने कोणी गळ्यात मारत असेल तर पुढे चला.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. भारताच्या प्रत्येक स्मारक नाण्यासाठी राजपत्रात अधिसूचना निघते. त्यात वजन, व्यास, मिश्रधातू, कडेच्या दात्यांची संख्या आणि दोन्ही बाजूंचं शब्दचित्र असतं. ती फुकट वाचता येते. मी खरेदीआधी ती छापून घेते आणि नाण्याच्या पाकिटातच ठेवते. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाण्याची दर्शनी किंमत जास्तीत जास्त १,००० रुपये असू शकते. त्याहून मोठा आकडा छापलेलं ‘भारतीय नाणं’ दाखवलं तर हसून परत करा.

काय गोळा करायचं

‘जगातल्या प्रसिद्ध इमारती’ असा विषय घेतलात तर दोन वर्षांत पैसे संपतील आणि संग्रहाला आकार येणार नाही. विषय लहान घ्या. माझा विषय ‘भारतातल्या इमारती, भारतीय नाण्यांवर’ एवढाच होता आणि तोही अजून पुरा झालेला नाही.

या विषयात पहिला मान तंजावरच्या बृहदीश्वराचा. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरं केलेलं हे मंदिर. त्याच्या सहस्राब्दीला २०१० सालचं १,००० रुपयांचं नाणं निघालं. हजार रुपये दर्शनी किमतीचं ते आपल्याकडचं पहिलं. ३५ ग्रॅम, ८० टक्के चांदी, म्हणजे आत २८ ग्रॅम. नंतरच्या ५० टक्केवाल्या नाण्यांशेजारी ठेवलं की रंगातला फरक डोळ्यांना कळतो. तंजावरचं जरा दुधाळ पांढरं, दुसरी किंचित करड्या अंगाची. मंदिराचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, मजल्यामागून मजले निमुळतं होत जातं, ते नाण्यावर कोरणं म्हणजे साचा करणाऱ्याची परीक्षाच. मी हे नाणं अडीच वर्षं पैसे बाजूला टाकून घेतलं.

मराठी घरात सेल्युलर जेलचं नाणं वेगळ्या भावनेने हातात घेतलं जातं. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याला ७५ वर्षं झाली म्हणून २०१८ मध्ये ७५ रुपयांचं नाणं आलं. ध्वजाला सलामी देणारे नेताजी आणि मागे तुरुंग. जालियनवाला बागेच्या शताब्दीचं २०१९ चं १०० रुपयांचं नाणं, त्यावर तिथलं स्मारक. मग २०२३ चं संसद संकुल. ही तिन्ही ३५ ग्रॅमची, ५० टक्के चांदीची. अलीकडे टांकसाळ पुन्हा शुद्ध चांदीकडे वळलेली दिसते. रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीचं ९० रुपयांचं नाणं ४० ग्रॅम शुद्ध चांदीचं होतं.

ज्याचं बजेट लहान आहे त्याने १९७२ चंच घ्यावं, जे आमच्याकडे चिंचेत बुडालं. साडेबावीस ग्रॅम, ५० टक्के चांदी, भरपूर मिळतं, आणि त्यावर जुनं, गोल संसदभवन आहे. १९२७ साली खुलं झालेली ती वास्तू आणि २०२३ ची त्रिकोणी वास्तू शेजारी शेजारी ठेवली की दोनच नाण्यांत एक छोटं प्रदर्शन होतं.

परदेशी नाण्यांबद्दल थोडक्यात. अमेरिकेचे व्हाइट हाउस (१९९२) आणि कॅपिटॉल (१९९४) हे चांदीचे डॉलर सरळ, स्वच्छ कामाचे आहेत. पॅरिसच्या टांकसाळीने जागतिक वारशाच्या मालिकेत २०१० मध्ये ताजमहालाचं दहा युरोचं चांदीचं नाणं काढलं. आपल्या ताजमहालावर परदेशी नाणं, ही गंमत मला आवडते. ‘टिफनी आर्ट’ मालिकेत दोन औंसांच्या नाण्यात खऱ्या रंगीत काचेचा तुकडा बसवतात, गॉथिक, बरोक अशा एकेका शैलीला एकेक नाणं. दिसायला अप्रतिम, पण तिथे हौसेचा तुकडा चांदीच्या कितीतरी पट असतो. मी प्रदर्शनात बघून घेते आणि घरी येते.

आणि मराठ्यांची नाणी? पेशवाईत पुण्यात पडणाऱ्या अंकुशी रुपयावर अंकुशाची खूण होती, इमारत नव्हती. शनिवारवाड्याचा छाप असलेलं ‘पेशवेकालीन चांदीचं नाणं’ कोणी दाखवलं तर ते गेल्या काही वर्षांतलं आहे हे समजून चाला.

कुठून घ्यायचं

पहिला दरवाजा सरकारी टांकसाळीचा. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नॉइडा अशा चार टांकसाळी आहेत आणि त्यांची ऑनलाइन विक्री चालते. नवं स्मारक नाणं जाहीर झालं की नोंदणी ठरावीक मुदतीसाठी उघडते, पैसे आधी भरायचे, नाणं नंतर येतं. हा ‘नंतर’ काही महिन्यांचा असू शकतो, तेव्हा पुतण्याच्या मुंजीत द्यायचा बेत करू नका. नोंदणीची पावती, बँकेचा संदेश, पार्सलवरचं लेबल सगळं जपा. पार्सल उघडताना फोनवर चित्रण करा. माझ्या एका पेटीतली कॅप्सूल, म्हणजे नाण्याची पारदर्शक डबी, तडकलेली निघाली होती आणि त्या चित्रणामुळेच बोलता आलं.

तिथे एकाच नाण्याचे दोन प्रकार दिसतील. यूएनसी म्हणजे न वापरलेलं, नेहमीच्या छपाईचं. प्रूफ म्हणजे घासून आरसा केलेल्या साच्याने, चकचकीत केलेल्या तबकडीवर एकाहून जास्त वेळा दाब देऊन छापलेलं. प्रूफमध्ये मोकळी जागा आरशासारखी आणि इमारत दहिवरासारखी पांढुरकी उठून दिसते. चांदी दोन्हींत तेवढीच. वास्तूच्या नाण्यांना मी शक्यतो प्रूफच घेते, कारण कमानी, जाळ्या, खांब यांची धार त्यातच टिकते. माणसाच्या चेहऱ्याचं नाणं असतं तर यूएनसीवर भागवलं असतं.

दुसरा दरवाजा जुन्या नाण्यांचे व्यापारी आणि प्रदर्शनं. पुण्यात कॉइनेक्स हे नाण्यांचं प्रदर्शन भरतं तेव्हा पहिल्या दिवशी नुसतं फिरा. एकाच नाण्याचे चार टेबलांवरचे चार भाव वहीत उतरवा आणि दुसऱ्या दिवशी घ्या. पावतीवर नाण्याचं वर्ष, दर्शनी किंमत, टांकसाळ, प्रूफ की यूएनसी हे लिहून मागा. ‘चांदीचं नाणं १ नग’ अशी पावती पुढे कामाची नाही. ‘फक्त इतकीच निघाली हो मॅडम’ हे वाक्य ऐकू आलं की कागद मागा. कागद नसेल तर त्या वाक्याची किंमत शून्य.

तिसरा दरवाजा मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. तिथे जाच, पण चांदी घ्यायला नको. १६१६, १८१८ अशी सालं, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि मागे रामदरबार किंवा मंदिर असलेली ‘नाणी’ ढिगाने मिळतात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. मीही सुरुवातीला एक मंदिराचं ‘चांदीचं’ नाणं आठशेला आणलं होतं. आठवड्यात कडेचा मुलामा उडाला आणि आतलं पितळ हसायला लागलं. ते अजून टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.

हातात आल्यावर

हा भाग घाईने करू नका. लागणारं सामान: दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, मिलिमीटर मोजायचं कॅलिपर आणि एक जोरकस लोहचुंबक. सगळं रविवार पेठेत सराफी हत्यारांच्या दुकानांतून मिळालं.

नाणं नेहमी कडेला, अंगठा आणि तर्जनीत धरा, खाली मऊ फडकं. बोटाचा ठसा आज दिसत नाही, पावसाळ्यानंतर तपकिरी होऊन वर येतो.

आधी व्यास आणि वजन अधिसूचनेशी ताडून बघा. मग कडा. ४४ मिलिमीटरच्या या नाण्यांना २०० दाते असतात. सगळे मोजायची गरज नाही. कागदावर पाव भाग आखून घेतला की त्यात पन्नास भरले पाहिजेत. बनावट नाण्यात सहसा इथेच आळस केलेला असतो. दाते विरळ, किंवा एका जागी जोड दिसतो.

मग टांकसाळीची खूण, बहुतेक वेळा सालाच्या खाली. मुंबईचा चौकट आकाराचा हिरा, हैदराबादचा तारा, नॉइडाचा ठिपका, कोलकात्याची खूण नाही. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर पूर्वी इंग्रजी ‘बी’ असे, शहराचं नाव बदलल्यावर ‘एम’ आला. जाता जाता एक गोष्ट: कोलकात्याची स्ट्रँड रोडवरची जुनी टांकसाळ स्वतःच बघण्यासारखी वास्तू आहे, तिचा दर्शनी भाग अथेन्सच्या देवळाच्या धर्तीवर निम्म्या आकाराचा केलेला. तिच्यावर नाणं निघालं तर मी रांगेत पहिली.

लोहचुंबक लावा. नाणं चिकटलं तर विषय संपला. चिकटलं नाही म्हणजे चांदी असं मात्र नाही, कारण तांबं, पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाहीत. जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते, हे ताटं-वाट्या घेणाऱ्या पुणेकरांना सांगायला नको.

खरी परीक्षा पाण्याची, आणि ती घरच्या ओट्यावर होते. काट्यावर पाण्याने अर्धी भरलेली काचेची वाटी ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला शिवणकामाच्या दोऱ्याचा फास घाला आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला, भिंतीला टेकणार नाही असं अधांतरी धरा. नाण्याला चिकटलेले बुडबुडे हलकेच झटका. आता काटा जो आकडा दाखवेल तेवढ्या ग्रॅम पाण्याची जागा नाण्याने घेतली. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे नाण्याची घनता. चिंचेतून वाचलेलं आमचं १९७२ चं नाणं कोरडं २२.४५ भरलं, पाण्यात काटा २.३५ वर थांबला. भागाकार ९.५५. पन्नास टक्के चांदीच्या या मिश्रधातूची घनता साडेनऊच्या आसपास येते, म्हणजे नाणं खरं. तंजावरच्या ८० टक्के चांदीला १०.१ च्या जवळ यायला हवं, शुद्ध चांदीला १०.५. तांबं-निकेलच्या नकलेला ८.९ येईल, पितळेला साडेआठ. हात स्थिर नसेल तर तीनदा करा आणि मधला आकडा घ्या.

ही पाण्याची परीक्षा फक्त यूएनसी किंवा वापरलेल्या नाण्यांवर, तीही उकळून गार केलेल्या नव्हे, तर बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने. प्रूफ नाणं कॅप्सूलमधून काढूच नका, पाणी तर दूरच. त्याला पेटी आणि भिंग एवढंच पुरे.

नाणं वाजवून घ्यायची जुनी रीत आपल्याकडे होती, ‘खणखणीत नाणं’ म्हणतो ते तिथूनच आलं. पण संग्रहाचं नाणं फरशीवर टाकून वाजवू नका. कडेला खोक पडली की वाजलं काय आणि न वाजलं काय.

शेवटी भिंग. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. इमारतीच्या सर्वात उंच उठलेल्या जागा बघा: कळस, घुमटाचं टोक, खांबांचे माथे. झीज आधी तिथे दिसते. मग खिडक्या-कमानींच्या आतल्या कडा. खऱ्या छपाईत भिंत आणि पार्श्वभूमी यांच्यामध्ये सुरी फिरवल्यासारखी रेघ असते. ओतीव नकलेत तीच जागा वितळलेल्या मेणासारखी गोलसर, आणि मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढी छिद्रं. अशोकस्तंभाखालचं ‘सत्यमेव जयते’ वाचून बघा. नकलेत वेलांटी आणि मात्रा एकमेकींत मिसळतात. नाणं तिरपं धरून दिव्याखाली फिरवलं आणि एकाच दिशेने जाणारे बारीक ओरखडे चमकले, तर कोणाच्या तरी सासूबाई तिथे आधी पोचल्या आहेत. असं घासलेलं नाणं मी चांदीच्या भावापेक्षा जास्त देऊन घेत नाही.

पुण्याच्या पावसाळ्यात जपायचं कसं

घासायचं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट नाही, भांड्यांची पावडर नाही, सराफाकडचं चांदी धुवायचं पाणीही नाही. काळपटपणा म्हणजे हवेतल्या गंधकाचा चांदीवर बसलेला थर. तो सारखा आणि मंद रंगाचा असेल तर जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजतात. पंचामृताचा अभिषेक आणि हळदकुंकू करायचंच असेल तर सराफाचं लक्ष्मीचं पदक त्यासाठी वेगळं ठेवा. आमच्याकडे आता तसंच आहे आणि सासूबाईंनाही ते जास्त पसंत पडलं, कारण संसदभवनाला कुंकू का लावायचं हे त्यांना कधीच कळलं नव्हतं.

प्रत्येक नाण्याला मापाची कडक अ‍ॅक्रिलिक कॅप्सूल. मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात आणि वर्षा-दोन वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर सोडतात. तो आलाच तर औषधी दर्जाच्या शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस बंद करून, नाणं थोडा वेळ बुडवायचं आणि न पुसता वाळवायचं. नेलपॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरीचे कपडे, डांबरगोळ्या यांच्या शेजारी चांदी नको. मी लोखंडी कपाटात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते, आणि जूनच्या सुरुवातीला व गणपतीनंतर पुड्या बदलते. शुद्ध चांदीच्या नाण्यांवर कधी कधी दुधाचे थेंब वाळल्यासारखे पांढरे डाग उमटतात. ते जात नाहीत, त्यांच्या मागे लागू नका.

कायद्याच्या दोन-चार गोष्टी आणि विक्री

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते परदेशी पाठवता किंवा नेता येत नाही, अमेरिकेतल्या लेकीला भेट म्हणूनही नाही. चलनाचं नाणं वितळवणं गुन्हा आहे. परदेशातून नाणं मागवलंत तर सीमाशुल्काचा अंदाज आधी घ्या, नाहीतर स्वस्त वाटलेलं नाणं दारात महाग होतं. आणि ‘तुमचं वैष्णोदेवीचं नाणं दहा लाखांना घेतो, आधी कमिशन भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे उकळले जातात म्हणून बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं.

विकायची वेळ आली तर सराफाकडे जाऊ नका. तो मोडीचा भाव देणार, त्यातही घट धरणार. टांकसाळीचा आणि हौसेचा तुकडा तिथे बुडतो. व्यापारी लगेच पैसे देतो पण त्याचा नफा काढून. लिलावात भाव चांगला येऊ शकतो, मात्र विकणाऱ्याकडून कमिशन किती, पैसे किती दिवसांनी आणि नाणं न विकलं गेलं तर काय, हे तिन्ही लेखी घ्या. मूळ पेटी आणि प्रमाणपत्र नसलेलं प्रूफ नाणं सगळीकडेच कमी भावाला जातं, म्हणून पेटी जुनी झाली तरी टाकू नका.

राहिली वही. घरातल्या इतरांना या डब्यात काय आहे ते कळावं म्हणून मी प्रत्येक नाण्याला एक पान देते आणि दोन्ही बाजूंचे फोटो चिकटवते. चौदाव्या पानावर असं लिहिलंय: ‘१० रुपये, १९७२, जुनं संसदभवन. साडेबावीस ग्रॅम, चांदी निम्मी. पाण्याची परीक्षा ९.५५, खरं. बाबांकडून मिळालं. चिंचेने धुतलेलं, विकायला काढू नये, कोणी जास्त भाव देणार नाही. देवघरात ठेवलं तरी चालेल.’